उजव्या पंखाकडची गाडी

अण्णा, सोलापुरात आले आहे. आई आत जरा आडवी झाली आहे, ऊन ओट्यापर्यंत आलंय, आणि तुम्ही गेल्यावर बारा वर्षांनी मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होता तोवर ते जमलं नाही. मी पायलट झालेलं तुम्ही पाहिलं नाहीत. मोठ्या विमानात उजव्या सीटवर बसते, डावीकडं कॅप्टन. लोकांना वाटतं, अवघड काम आभाळातलं. पण रात्री उतरल्यावर ते धूड जमिनीवरून चालवत जागेवर नेऊन उभं करायचं, खरं अवघड ते. आपण दोन मजले उंच बसलेलो असतो, वेगाचा अंदाज येत नाही. ओल्या डांबरावर प्रत्येक दिवा दोनदा दिसतो. आणि पंख मागं इतके लांबवर पसरलेले, की त्यांची टोकं खिडकीतून दिसतच नाहीत. खाली दोन्ही बाजूंना दिव्याच्या कांड्या घेऊन माणसं चालतात, तेच आपले डोळे.

तुम्हाला हे कळलं असतं. चिंचोळीच्या कारखान्याची बस चालवायचात तेव्हा मागं माणूस उभा केल्याशिवाय तुम्ही ती एक वीतही मागं घेत नव्हतात. म्हणून ती संध्याकाळ मला आजही पचत नाही. मी सातवीत, सुट्टी म्हणून तुमच्यासोबत आलेली. बसचा एक दिवा गेलेला. तुम्ही ते सुपरवायझरला सांगितलंत. तो म्हणाला, "एका दिव्यानं काय होतंय? काढा की गाडी." आणि तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब." मंगळवेढ्याच्या रस्त्याला अंधार पडला. वळणावर मेंढरं होती, डाव्या अंगाला, जिकडचा दिवा गेला होता तिकडं. तीन मेली. धनगर रस्त्यावरच बसला, एकीचं डोकं मांडीवर घेऊन. तुम्ही खाली उतरलात, पण त्याच्याजवळ गेला नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं लिहून घेतलं की मेंढरं अचानक आडवी आली, आणि तुम्ही सही केलीत. रात्री जेवताना मी विचारलं, "अण्णा, दिव्याचं का नाही सांगितलं?" भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. तुम्ही ताट सरकवलंत. "लई शानी झालीस व्हय? साहेबाच्या तोंडाला लागायचं नसतंय. तोंड मिटून काम कर, मोठी व्हशील."

झाले मोठी. तोंड मिटून.

गेल्या वर्षी एका रात्री आम्ही उशिरा उतरलो. पाऊस नुकताच थांबलेला. जागेवर वळताना समोरचा माणूस कांड्या हलवून बोलावत होता, डाव्या पंखाकडं एक जण चालत होता, उजवीकडं कुणीच आलं नव्हतं. उजवी बाजू माझी. तिथं जेवण चढवायची उंच गाडी, विमानासाठी जागा मोकळी ठेवायच्या लाल रेघेच्या आत घुसून उभी होती. मी म्हणाले, "सर, उजवीकडं गाडी आहे." कॅप्टन माझ्या दुप्पट अनुभवाचे. "पिवळ्या रेघेवर आहोत आपण. पंखाला जागा सुटते," एवढंच म्हणाले. शंका आली की थांबायचं, असा आमचा पहिला नियम आहे. 'थांबा' म्हणायचा हक्क मला होता. ब्रेक माझ्याही पायाखाली असतो. मी पाय ठेवला आणि दाबला नाही. साहेबाच्या पुढं पाय कसा टाकायचा? मग विमानाला किंचित हिसका बसला, इतकंच. पंख गाडीच्या मचाणाला लागला होता, आणि मचाणावरचा माणूस खाली पडला होता. कंबरेचं हाड मोडलं. चौकशीत कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. माझं ते एक वाक्य, आणि पुढं विमान थांबेपर्यंत माझा आवाजच नाही. त्या शांततेत मला आपलं स्वयंपाकघर ऐकू आलं, अण्णा. त्या दिवसापासून मी तुम्हाला शिव्या देते आहे.

तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला निघाला, उजनीच्या पाण्याकाठचा. तुमच्याच वयाचा असेल, तुम्ही असता तर. आता गावी भावाकडं असतो, वॉकर धरून अंगणातल्या अंगणात फिरतो. परवा मी तिथं गेले. पलीकडं केळीच्या बागेत मोटार चालू होती. त्याच्या बायकोनं चहा दिला, माझ्याकडं न बघता. तो मात्र म्हणाला, "सोलापूरच्या व्हय तुमी? मग आपल्याच की." माफीसाठी मी हात जोडले. तो वॉकर धरून समोर बसला आणि म्हणाला, "एकच इचारतो, बाई. मी तितं वर हुबा हाय, हे तुमाला दिसलं न्हवतं ना? बघूनबी कुनी आलं आसंल, आसं मनात येतंय आन् मग झोप लागत न्हाय."

"नव्हतं दिसलं, काका," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "मग कुनाला काय म्हनायचं," म्हणाला, आणि बायकोला मला आणखी चहा द्यायला सांगितलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आईलाही दाखवायचं नाही. म्हणून लिहिते. रेकॉर्डिंगमध्ये मी 'गाडी' म्हणाले, पण मला माणूसही दिसला होता. त्यानं बाहीनं कपाळ पुसलेलं दिसलं होतं. आणि अण्णा, परवा त्याच्या अंगणात खोटं बोलल्यावर मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. मी दुसरा चहाही घेतला.