अजून मोठं होतं का?

२ जून, सोमवार
ऑफिसात फळ्यावर आजची सोपी टीप लावली — ‘कॉम्प्युटर अडकला तर आधी बंद करून चालू करा.’ लगेच साहेबांचं बोलावणं. स्क्रीन काळी! बघते तर वायर काढून तिथे स्वतःचा फोन चार्जिंगला लावलेला. मला पगार याचाच मिळतो.

संध्याकाळी बाबा फोनवर. “अक्षर मोठं कसं करायचं गं?” सेटिंग, डिस्प्ले, फॉन्ट. तीनदा सांगितलं. दादाने महिन्याची मुदत दिलीय — फोन नीट वापरता आला तर बाबांनी एकटं राहावं, नाहीतर घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून त्याच्याकडे जावं. बाबांना दुकान सोडायचं नाही. म्हणून ही शिकवणी, आणि माझ्या डोक्याला ताप.

५ जून, गुरुवार
“अजून मोठं होतं का?” होतं. आता स्क्रीनवर जेमतेम चार शब्द मावत असतील.

९ जून, सोमवार
आधी उजेड पूर्ण वाढवून घेतला. मग काळ्यावर पांढरी अक्षरं. मग पुन्हा पांढऱ्यावर काळी. वर तक्रार — बॅटरी टिकत नाही! चोराच्या उलट्या बोंबा. विचारलं, दुकानात लक्ष आहे ना? “काम कमीच घेतो हल्ली,” म्हणाले. घेणार कसं? दिवसभर फोनशी खेळ चाललेला.

१२ जून, गुरुवार
“तो वाचूनही दाखवतो म्हणे?” म्हटलं, बाबा, वाचायचाही कंटाळा? हसले नुसते. चालू करायला शिकवलं. ऑफिसात त्यावरच टीप लिहिली — ‘आळशी लोकांसाठी: फोनलाच वाचायला लावा.’ सगळे खो खो हसले. साहेबांनी तर स्वतःचा फोन आणून दिला.

१४ जून, शनिवार
बाबा पास! निरोप ऐकतात, बोलून उत्तर पाठवतात, एक चूक नाही. दादाला कळवलं. “राहू दे मग तिथेच,” म्हणाला. इतका आनंद झाला की काय सांगू. शिकवणी फळाला आली. उद्या न कळवता जाऊन थडकते.

१५ जून, रविवार
बाबांनी दार उघडलं. मी हातभर अंतरावर, लख्ख उन्हात, हसत उभी.

“कोण आहे?” म्हणाले.