ठकीचा चुकलेला डोस

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आम्ही सगळे बरे आहोत. भाऊजींची पाठ कशी आहे? मशीनला नवा पट्टा बसवला, त्यामुळे गणवेशांचं काम वेळेत उरकलं. तुझी भाची ठकी सात वर्षांची झाली. मान आता बरीच सावरते. खुर्चीत बसून माझं शिवणकाम बघते आणि दोरा तुटला की खदखदून हसते. आईची फजिती झालेली बाईसाहेबांना फार आवडते.

चार महिन्यांत फिट आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या बऱ्याच मुलांना फिट येते, सांभाळणाऱ्याचा त्यात दोष नसतो. ऐकलं आणि तू डोळ्यांसमोर आलीस.

ठकीला शेवटची फिट आली त्या दिवशी मी दुकानातून आले, तेव्हा तू ठकीला कुशीवर वळवून, डोक्याखाली तुझी शाल ठेवून घड्याळ बघत होतीस. सगळं बरोबर केलं होतंस. आणि मी शेजाऱ्यांदेखत ओरडले, "काय केलंस माझ्या पोरीला?" ती शुद्धीवर येईपर्यंत तू थांबलीस, मग निघून गेलीस.

ताई, औषधाची बाटली आदल्या दिवशीच संपली होती. अंगावर काम होतं, म्हटलं उद्या आणू. रात्रीचा डोस नाही, सकाळचाही नाही. दारातून तिला पाहिलं आणि त्याच क्षणी मला ते आठवलं. म्हणून तुझ्यावर ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "डोस चुकला होता का?" मी नाही म्हणाले. त्यांनी औषध वाढवलं आणि पोर कित्येक दिवस गुंगीत पडून राहिली. काल त्यांना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. "आधी सांगायचं ना," एवढंच म्हणाल्या. आता हळूहळू औषध कमी करून बघणार आहेत.

घरी येऊन ठकीला विचारलं, "मावशीला बोलवू?" 'हो' म्हणायला ती डोळे वर करते, तुला ठाऊकच आहे. काल इतके वर केले की मानही मागे गेली.

गुरुवारी मला कापड आणायला जायचंय. ठकीला तुझ्याजवळ ठेवायची आहे, दुसऱ्या कुणाजवळ नाही. येशील? आलीस की आधी शेजाऱ्यांना बोलावणार आहे. ओरडले त्यांच्यासमोर, माफीही त्यांच्यासमोरच मागेन.

चुकलेली, पण तुझीच,
धाकटी