ते इंजिन आणि श्रीयुतांची ‘ती’

२ एप्रिल २००६, रविवार. डब्लिन, ओहायो

श्रीयुत संध्याकाळी परतले. कानात काजळी, कॉलरला तेल, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. अंगातला शर्ट थेट वॉशरमध्ये टाकला. आत नातीचा पांढरा टॉप होता, तो आता करडा. रिया म्हणाली, "इट्स ओके आजी, इट्स काइंड ऑफ कूल." मुळीच नाही.

अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस दर शनि-रवि तासभर ड्राइव्ह करून मक्याच्या शेतात जातो. काही निवृत्त इंग्रजांनी आणि इंग्रजांवर भाळलेल्या अमेरिकनांनी तिथे विलायतेहून एक वाफेचं इंजिन आणून ठेवलंय. दोन मैल रूळ. पुढे जायचं, मागे यायचं. याला जतन म्हणतात.

हे रेल्वेत होते, पण हिशेबखात्यात. उभ्या नोकरीत इंजिनाला हात लावला नाही. इंजिनावर माझे वडील होते. फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारे.

असो. ऑक्टोबरात नागपूरला परत, कायमचं. मुलाकडे राहून झालं. तिकिटं काढलीत. तोवर काजळी सोसायची.

१६ एप्रिल, ईस्टर

रॉजरकडे चहा. हा त्या मंडळींचा म्होरक्या. मूळचा उत्तर इंग्लंडचा, गालांवर मिशा, बनियनसुद्धा इंजिनाच्या चित्राचा असेल. तिकडे म्हणे अशा जपलेल्या लाइनी गावोगाव आहेत. लोक पगार न घेता कोळसा ओततात, आणि बाकीचे तिकीट काढून त्यांना बघतात.

रॉजर मला म्हणाला, "तुमच्याकडे तर किती सुंदर आठवणी असतील वाफेच्या!"

म्हटलं, "आहेत ना. वडिलांच्या डोळ्यात ठिणगी जायची. आई पदराच्या टोकाने काढायची. रोज नाही, आठवड्यातून दोनदा."

त्याची बायको पॅम म्हणाली, "मोअर केक?" घेतला. केक काट्याने खाणं कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलं; खाता खाता खरं बोलणं नाही. ते माझं मी शिकले.

परतताना गाडीत श्रीयुतांनी रेडिओ मोठ्याने लावला. हायवे फार सुंदर दिसत होता.

६ मे, शनिवार

नवीन थेर. श्रीयुत इंजिनाला ‘ती’ म्हणायला लागलेत. ते गोरे ‘शी’ म्हणतात म्हणून. "आज ती जरा रुसली होती." मी म्हटलं, इंजिन ते असतं. मराठीत ते, नागपूरच्या अजनी शेडमध्ये ते, माझ्या बापाच्या तोंडी ते. म्हणाले, "तुला नाही कळायचं."

४४ वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल कुणापाशी ‘आज ती जरा रुसली होती’ म्हणाले असतील तर शपथ.

१० मे

सकाळी नागपूरहून जावेचा फोन. नंदा रडतच होती. "वहिनी, कसं सांगू. या वयात! भाऊजींचं तिकडे कुणाशी तरी..."

तिने भावाभावांचा फोन ऐकला होता, स्पीकरवर. श्रीयुत सांगत होते: ‘तिच्यापाशी गेलो की दिवस कसा जातो कळत नाही. पहाटे चारला उठून तापवावी लागते, पण एकदा तापली की काय सांगू! तिला सोडून यायची कल्पना करवत नाही. हिला बोलू नकोस.’

मी इतकी हसले की पलीकडे नंदा घाबरली. तिला वाटलं धक्का बसला. सांगितलं, अगं, गोरी नाही, हिरवी आहे. चाळीस टनांची.

तीही हसली. मग थांबून म्हणाली, "पण मग भाऊजींनी तुमचा इथला फ्लॅट पुन्हा भाड्याने द्या असं का सांगितलंय यांना? वर्षभर येत नाही म्हणून?"

हसू संपलं.

१० मे, संध्याकाळ

विचारलं. आधी टोस्टला लोणी लावत बसले. मग एकेक बाहेर. सप्टेंबरात इंग्लंड. वाफेच्या गाड्यांतून आठ दिवसांची रेलटूर, रॉजरच्या टोळीबरोबर. तिथून एका लाइनीवर हिवाळाभर स्वयंसेवक. थंडीत इंजिनं उघडून दुरुस्त करतात, तेव्हा हात लागतात. मग वसंत. मग पाहू.

"आणि नागपूर?"

"नागपूर कुठे पळून चाललंय?"

"मी?"

"तूही चल ना. पॅम म्हणते, बायका स्टेशनावरच्या टी-रूममध्ये मदत करतात. चाळीसच्या दशकाचे वीकेंड असतात, तसे कपडे घालून."

चाळीसच्या दशकात इंग्रज आमच्या देशात काय करत होते ते पॅमला ठाऊक नसावं. मी एप्रन बांधून तिथे स्कोन नावाचे पाव वाटायचे! सिस्टर्सच्या शाळेत मी काही कमी ‘येस मिस’ केलं का?

जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, इथे प्रत्येकाचं ताट वेगळ्या वेळी असतं.

२५ जून, रविवार

रियाच्या वाढदिवसाला सगळे त्या मक्याच्या शेतात. मी येणार नव्हते. ती म्हणाली "प्लीज आजी", म्हणून.

तापलेल्या तेलाचा आणि कोळशाचा वास. नाकात शिरला तो उतरेना. आमच्या क्वार्टरमध्ये उशीला हाच वास होता. शाळेत शेजारी बसायला मुली तयार नसत.

श्रीयुत वर, फावडं घेऊन. तोंड लाल, टोपी तिरकी. खाली उतरले तर तळहाताला फोड, आणि ते फोड सगळ्यांना दाखवत फिरले.

रिया: "आजोबा लुक्स सो हॅपी."

दिसले मलाही. ऑफिसातून इतक्या वर्षांत असं तोंड करून कधी घरी आले नाहीत. माझ्याकडे, मुलाकडे. राग त्याचाच आहे.

१५ जुलै

मिलिंद मध्यस्थी करायला आला. कॉफी करून आणली, म्हणजे गंभीर.

"आई, जस्ट वन इयर. काय फरक पडतो, यार?"

"मी तुझी यार नाही."

"बाबांना एवढं पॅशन आहे, इट्स हेल्दी. त्यांच्या वयाचे लोक टीव्ही बघतात."

"मी ऑक्टोबरात जाणार. एकटी."

"एकटी कशी राहशील?"

दार उघडेन, आत जाईन, कुलूप आतून लावेन. यात कसं काय आहे?

विश्वास कुणाचा बसलेला नाही. भाडेकरू ठेवायचा नाही असं नंदाला मी स्वतः फोन करून सांगितलं.

२ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणपती, शाळेच्या कॅफेटेरियात. मोदकानंतर श्रीयुतांचं स्लाइड-भाषण: विलायतेतली जतन केलेली इंजिनं. धूर, पूल, हिरव्या टेकड्या, पुन्हा धूर. नव्याने आलेले विद्यार्थी मोदकांपायी बसले होते, उठता येईना. शेवटी श्रीयुत भारावून म्हणाले, "तिथले लोक जुन्याची कदर करतात."

मी उभी राहिले. "जुन्या बायकांची पण?"

हॉल हसला. एक काका तर टाळ्या वाजवत होते. श्रीयुत लाल.

घरी आल्यावर जिन्यात थांबून म्हणाले, "तुझे वडील काय करत होते ते मला फावडं हातात घेतल्यावर कळलं. मी फक्त कोळशाची बिलं पास केली."

एरवी विरघळले असते. म्हटलं, "त्यांना यात ओढू नका. तुम्ही दमलात की रॉजर चहा देतो. त्यांना ‘हौस आहे का’ असं कुणी विचारलं नव्हतं."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"घरी चला."

वर गेले.

१४ सप्टेंबर

गेले. बॅग मी भरली नाही. रियाने भरली. गुडघ्याचं तेल राहिलं. पोस्टाने पाठवणार नाही.

२३ सप्टेंबर

इंग्लंडहून फोन. आवाज बसलेला. आठही दिवस पाऊस, एक इंजिन वाटेत बंद पडलं, तासन् तास माळावर उभे. रॉजरने गाणी म्हटली. लाइनीवर खोली मिळाली आहे, हीटर नाही.

"मजा येते?" विचारलं.

"येते," म्हणाले. जरा उशिराने.

मग, "तुझं लंडनला विमान कधी बदलतं? मी एअरपोर्टवर येईन म्हणतो. भेटायला."

"भेटायला की निघायला?"

"तू वेळ तर सांग."

म्हटलं, मिलिंदला विचारून सांगते. वेळ मला पाठ आहे.

७ ऑक्टोबर

बॅगा दारात. वेळ काल सांगितली. "बरं," एवढंच म्हणाले. पाठीमागे कुणीतरी हातोडा मारत होतं.

आत्ता मिलिंद लॅपटॉप घेऊन खोलीत आला. "आई, बाबांची लंडन–मुंबई सीट अजून तुझ्या शेजारीच आहे. कॅन्सल करू ना?"

म्हटलं, राहू दे. रिकामी गेली तर पाय पसरीन.