कवितेत नसलेली झाडं

कासुर्डी. १२ जानेवारी, रविवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. हवा बिघडली आहे. सौ. तीन आठवडे खोकते आहे. यवतचे डॉक्टर म्हणाले, धूर आणि धूळ टाळा. कशी टाळणार? समोर सोलापूर हायवे, हायवेला चिकटून पोपटरावांचं गुऱ्हाळ, मग आमची करंजाची रांग, आणि मग आम्ही. न्हावऱ्याहून आमच्या प्रतिभाचा फोन: आप्पा, आईला माझ्याकडं धाडा, हितं हवा चांगली हाय. मुलगी असून काय बोलते! लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, सौ. माहेरीसुद्धा चार दिवसांवर राहिलेली नाही.
संकल्प: हवाच शुद्ध करायची. इथल्या इथे. पेपरात आलंय, झाडं धूळ अडवतात, धूर शोषतात. पुण्यात लोक त्यासाठी झाडं लावत सुटलेत. एक महिना पुरेल.
मी एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. डिझेलच्या धुरात उभा राहून गाड्या सोडल्या. प्रदूषणाचा एवढा अनुभव तालुक्यात कुणाला नसेल.

१५ जानेवारी
ट्रंकेतून शाळेची कवितांची पुस्तकं काढली. वास तोच. डोळे पाणावले. (धूळही होती.) झाडांची यादी केली: कदंब, बकुळ, पारिजातक, चाफा. कवींनी हीच झाडं का निवडली असतील? काहीतरी शास्त्र असणारच.
जागेचा प्रश्न. जागा एकच, करंजाची रांग आहे ती. चौदा करंज. मी शिकलेल्या एकाही कवितेत करंज नाही. शिवाय पानं बघवत नाहीत. कायम धुळीनं माखलेली, काळपट. ज्याला स्वतःची पानं स्वच्छ ठेवता येत नाहीत, तो हवा काय शुद्ध करणार?

१९ जानेवारी
घरात विषय काढला. सूनबाई प्रगती म्हणाली, आप्पा, करंजाला हात लावू नगा. रस्त्याच्या अंगाला धुणं टाकलं की तासाभरात काळं व्हतं, आन् करंजाच्या आत टाकलं की पांढरं ऱ्हातं. मी म्हणालो, म्हणजे आतली हवा मुळातच शुद्ध आहे, करंजांना काही कामच नाही. तिनं बादली उचलली आणि धुणं करंजाच्या आत टाकलं. पटलं.
सौ. म्हणाली, खरकट्या पाण्यावर वाढिवल्यात मी ती. शंभू पोटात व्हता तवापास्नं. एवढं बोलून पाच मिनिटं खोकली. मी तिला भावना आणि शास्त्र यांतला फरक समजावला. ऐकायला ती स्वयंपाकघरात निघून गेली.

२४ जानेवारी
पोपटराव चहाला आले. तोंडावर सुनावलं, तुमच्या गुऱ्हाळाच्या धुरानं आमच्या मंडळींना खोकला झाला. माणूस सरळ. म्हणाले, आप्पा, चुलाणात घालू तरी काय? उसाचं चिपाड पुरत न्हाई. मग पुण्यावरनं भंगारातलं प्लास्टिक येतं, जुन्या चपला येत्यात. लाकूड असतं तर मी कशाला लोकांच्या चपला जाळल्या असत्या?
आणि मला सुचलं! करंज यांना द्यायचे. त्यांची माणसं फुकट तोडून नेतील. जागा मोकळी, प्लास्टिक बंद, धूर नैसर्गिक. पोपटरावांनी दोनदा विचारलं, खरंच का? मग उरलेला चहा एका घोटात संपवला आणि फाटकातच फोन लावला. पर्यावरणाबद्दल इतकी तळमळ मी क्वचित पाहिली.

२७ जानेवारी
काम झालं. सौ. आणि प्रगती औषधाला यवतला गेल्या होत्या तेव्हाच उरकलं. लपवायचं नव्हतं, भुश्शाचा त्रास नको, एवढंच. परत आल्यावर सौ. फाटकात उभी राहिली. बराच वेळ. तिला भरून आलं असावं.
आता ओट्यावरून हायवे स्वच्छ दिसतो. चहा पिता पिता चार एसट्या डेपोसकट ओळखल्या. किती वर्षांनी!

२ फेब्रुवारी, वसंतपंचमी
काव्यवाटिकेचा शुभारंभ. अकरा रोपं. प्रमुख पाहुणे पोपटराव. म्हणाले, आप्पा, उन्हाळ्याच्या तोंडाला झाडं कोण लावतंय व्हय? त्यांना सांगितलं, सगळ्या कवितांत वसंतच आहे. मग मी प्रसंगानुरूप रचलेली बावीस कडवी म्हटली. सहाव्या कडव्याला पोपटरावांचा फोन वाजला आणि ते गेले. मला वाजलेला ऐकू आला नाही, पण हल्ली कान तेवढे राहिले नाहीत.
गुऱ्हाळात आमचा करंज पेटला आहे. ओलं लाकूड. दाट, पिवळट धूर थेट ओट्यावर येतो. पण नैसर्गिक.

११ फेब्रुवारी
सौ.चा खोकला वाढला. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला. ऋतुबदल, दुसरं काय.
कदंब वाळला. दोन बकुळी शेळीनं खाल्ल्या. मुक्या प्राण्यालाही चांगलं कळतं. प्रगती आता धुणं हॉलमध्ये पंख्याखाली वाळवते. मी सुचवलं, काळे कपडे वापरावेत. तिनं नवऱ्याकडे, आमच्या शंभूकडे पाहिलं. शंभू लगेच फर्स्ट शिफ्टला गेला. वास्तविक आज त्याची सेकंड होती.

२० फेब्रुवारी
करंज संपले. गुऱ्हाळात पुन्हा चपला. जाब विचारला. पोपटराव म्हणाले, चौदा झाडं किती दिस पुरणार, आप्पा? आणखी कुठं हायती का? वर हसून म्हणाले, झाडं व्हती तवा तुमास्नी वाससुदिक येत नव्हता, आता रोज तक्रार! यातून त्यांना काय सुचवायचं होतं, कळलं नाही. माणूस स्पष्ट बोलत नाही.

२३ फेब्रुवारी
प्रतिभा जीप घेऊन आली आणि सौ.ला घेऊन गेली. मी काव्यवाटिका दाखवून विरोध केला. प्रतिभा म्हणाली, आप्पा, आता कवितेचं नाव काढू नगा. सौ. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाली, तुमची झाडं मोठी झाली की निरोप धाडा. विश्वास आहे तिचा. बकुळ फुलायला आठ-नऊ वर्षं. बाकी रोपं वाळली, एक बकुळ शिल्लक आहे. तसा काही फार काळ नाही.

१ मार्च
फोन केला. सौ.ला गाढ झोप लागते, पंप दोन दिवस घेतलेला नाही. म्हणजे मी इथे सुरू केलेल्या उपायांचा गुण तिकडे आला.
सकाळी सवयीनं दोन कप चहा गाळला. दोन्ही मीच प्यालो. घरात इतकी शांतता, की काव्य सुचायला हवं होतं. नाही सुचलं. परवा जाऊन आणतोच तिला.

३ मार्च, न्हावरे
चौफुल्यावर गाडी बदलून पोचलो. सौ. मला पाहून हसली. तोंडावर तजेला आहे. तिच्या हातची भाकरी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, चल घरी. म्हणाली, बसा तर आधी.
संध्याकाळी अंगणात फिरलो. घर आणि रस्त्याच्या मधे जावई ईश्वररावांनी कडुलिंबांची दाट रांग राखली आहे. पानं पाहिली. रस्त्याच्या बाजूनं धुळीनं माखलेली. कडू झाड, शिवाय अंधार. जेवताना ईश्वररावांना सहज म्हणालो, ही रांग काढून इथे पारिजातक शोभेल, लाकूड न्यायला माझ्या ओळखीचे एक गुऱ्हाळवाले आहेत. ईश्वररावांनी हातातला घास ताटात ठेवला. विचार रुजत असावा.

४ मार्च. कासुर्डी, दुपारी १
सौ. सकाळी स्वतः मला स्टँडवर सोडायला आली. तिच्या हातात पिशवी पाहून वाटलं, निघाली बरोबर. पिशवी माझीच होती. मी म्हणालो, अगं, अजून दोन दिवस राहिलो असतो. म्हणाली, तुमी घरी जा. मला अजून जगायचंय.
गाडी अकरा मिनिटं लेट. मी चढेपर्यंत सौ. तिथेच उभी होती. अकरा मिनिटांत एकदाही खोकली नाही.