कॉलरवरचे नारिंगी डाग

सोमवार, ४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि घेणार असशील तर एक घट्ट मिठी.

तीनदा फोन केला. तीनही वेळा ताईनं उचलला आणि म्हणाली, "आई झोपलीय." सकाळी दहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. इतकी झोप तुला कधीपासून यायला लागली? दुकानात तीन वर्षं तुझ्या शेजारी बसले, तुला साधी जांभई देताना पाहिलं नाही. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला काही "झोपलीय" सांगून परत पाठवता येत नाही.

गुडघा कसा आहे? ताईकडे जिने आहेत की लिफ्ट? भावोजींना माझा नमस्कार सांग.

इकडचं म्हणशील तर दुकान चालू आहे, पण इस्त्रीचे हाल आहेत. तू गेल्यापासून मास्तर स्वतःच इस्त्री करतात. कापायला बसले की मास्तरांचा हात कसा लोण्यातून सुरी फिरल्यासारखा चालतो, आणि इस्त्री हातात घेतली की म्हशीला दोरी बांधून ओढतायत असं वाटतं. परवा एका पँटच्या एकाच पायाला दोन घड्या पडल्या. गिऱ्हाइकानं पँट उजेडात धरली आणि विचारलं, "मास्तर, ही दुसरी घडी फुकट का?" मशीनवरचे दोघे भाऊ हसू दाबायला टेबलाखाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मी काजं करत होते, बोटात सुई टोचून घेतली.

तुझं टेबल तिथंच आहे. त्यावर कोणी काही ठेवत नाही.

बरं, आता एक गंमत सांगते. माझ्या तोंडाची. तू नेहमी म्हणायचीस, "हात लावू नकोस, आपोआप जातील पुटकुळ्या." आणि मी "हो" म्हणायचे. आत्या, ते "हो" खोटं होतं. वर्षभर मी तुझ्या नकळत तोंडाला काय काय फासत होते.

तुला वाटेल, सत्ताविसाव्या वर्षी हे काय खूळ. पण ट्रायल रूममध्ये तीन आरसे आहेत ना, गिऱ्हाइकाची पाठ मोजायला गेलं की आपलं तोंड तीन बाजूंनी दिसतं. हनुवटीवर सात पुटकुळ्या असल्या की आरशात एकवीस. त्यात प्रत्येक बाईकडे सल्ला तयार. मी कंबर मोजतेय आणि ती वरून विचारतेय, "पाणी कमी पिता का हो?" एकीनं तर माझ्याकडे टाचण्या मागितल्या आणि टाचण्या घेता घेता पोट साफ होतं का म्हणून विचारलं.

पहिली ट्यूब कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं दिली. चिठ्ठी नाही, काही नाही. "सगळे हीच नेतात," म्हणाला. आठ दिवसांत तोंड असं तुळतुळीत झालं की मी उगाचच काउंटरवर जाऊन उभी राहायला लागले. तुला आठवत असेल, तू म्हणालीस, "आजकाल बरी दिसतेस," आणि मी म्हणाले, "झोप चांगली लागते." महिन्यानं ट्यूब संपली आणि चार दिवसांत सगळं व्याजासकट परत आलं. गाल टोमॅटोसारखे लाल, आणि उन्हात गेलं की चरचर. पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती रिकामी ट्यूब हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे. हे कोणी दिलं तुम्हाला?" मी म्हटलं, "सगळे हीच नेतात."

दुसरं क्रीम त्यांनी दिलं, झोपताना लावायचं. म्हणाल्या, आधी थोड्या वाढतील, मग कमी होतील. त्यातलं पहिलं अर्धं त्या क्रीमनं अगदी शब्दाला जागून पार पाडलं. वाढल्याच वाढल्या. शिवाय जुन्या भिंतीचा रंग निघावा तसे गालाचे पोपडे निघायला लागले. हसलं की ओठांच्या कडेला भेगा. म्हणून मी ते दोन महिने हसतच नव्हते, आणि धाकटा मशीनवाला सगळ्यांना सांगत सुटला की हिचं लग्न मोडलं. ठरलं कधी होतं ते मलाही कळू दे.

तिसरं जेल, सकाळी लावायचं, वाटाण्याएवढं, पातळ. पण मी वर्षभराची कावलेली. मला वाटाण्यानं काय होणार? मी लिंबाएवढं घ्यायला लागले. असं भाजायचं की तोंडावर पंखा धरून बसायची. पुटकुळ्या हलल्या नाहीत त्या नाहीतच, माझा निळा टॉवेल मात्र

जाऊ दे. टॉवेलचं पुन्हा कधीतरी. पोस्टाची वेळ झाली.

ताईला म्हणावं, आईला उठव.

तुझी,
बडबडी

*

गुरुवार, ७ मार्च

प्रिय आत्या,

सोमवारचं पत्र पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी वाटलं की हात आत घालून ते परत काढावं. हात घातलाही. मनगटापर्यंत गेला आणि अडकला. मागे रांगेत एक आजोबा उभे होते, ते म्हणाले, "बाळ, पत्र असं आत टाकायचं असतं, आपण नाही जायचं."

ते पत्र लबाडीचं होतं. इतकं बोलले आणि बोलायचं तेच राहिलं. आता थांबत नाही, एका दमात सांगते.

आत्या, कोटांवरचे डाग माझे होते.

तुझ्या इस्त्रीतून काही ठिबकत नव्हतं. बँडवाल्यांच्या त्या चोवीस गडद निळ्या कोटांपैकी अकरांच्या कॉलरवर जे नारिंगी डाग उठले, ते माझ्या तोंडावरच्या जेलचे होते. बटण लावून झालं की मी धागा दातानं तोडते. तू शंभर वेळा सांगितलंस, कात्री घे. धागा तोडताना माझी हनुवटी कॉलरला घासायची. जेल रंग खातं. लगेच काही दिसायचं नाही. कोट तुझ्या टेबलावर जायचा, वाफ लागायची आणि डाग वर यायचा. तुझ्याच हाताखाली. म्हणून सगळ्यांना वाटलं की तुझंच काहीतरी चुकतंय.

हे मला नंतर कळलं असतं तर मी हे पत्र मान वर करून लिहिलं असतं. पण मला तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. बुधवारी माझ्या निळ्या टॉवेलवर तसेच डाग दिसले. मी जेलच्या डब्यातला घडीचा कागद काढून वाचला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, कपड्याचा रंग जाऊ शकतो. मी तो कागद पुन्हा तशीच घडी घालून डब्यात ठेवला. जसं काही घडी नीट घातली की लिहिलेलं पुसलं जाईल.

आणि गुरुवारी मास्तर तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, आता तुमची नजर राहिली नाही. हातही राहिला नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. मी सुईत दोरा ओवत होते. आत्या, दोरा ओवलेलाच होता. मी तो काढून पुन्हा ओवत होते.

तू इस्त्रीचा प्लग काढलास, वायर गुंडाळलीस, एप्रनची घडी घातलीस आणि गेलीस. अकरा वर्षांनी. आणि मी गप्प. का, ते खरं सांगू? नोकरी जाईल याची भीती होतीच. पण त्याहून जास्त, सगळ्यांसमोर पुटकुळ्यांचा विषय काढायची लाज वाटली. इतकी क्षुल्लक गोष्ट. तिच्यापायी मी तुला जाऊ दिलं.

काल दुकानात सांगितलं. जेवणाची सुट्टी होती, सगळ्यांचे डबे उघडे होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तर, आत्याचा दोष नव्हता. डाग माझ्या तोंडाचे आहेत."

मास्तर म्हणाले, "तोंडाचे? तुझं तोंड काय शाईचं आहे?"

"त्याच्यावरच्या औषधाचे."

"आता आत्याची बाजू घेतेस? उशीर केलास."

मग मी जेल काढलं. उरलेल्या निळ्या कापडाची एक चिंधी घेतली, तिला ते चोळलं, आणि तुझी इस्त्री लावली. वाफ सोडली. आम्ही चौघेही चिंधीभोवती उभे, दूध उतू जायची वाट बघतात तसे. पहिल्यांदा काही झालं नाही. थोरला मशीनवाला म्हणाला, "चला, वरण गार होतंय." मी पुन्हा वाफ दिली. तासाभरात मधोमध नारिंगी डाग उठला. अगदी तोच रंग.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. ते म्हणाले, "तिचा पत्ता दे." मी दिला. कागद समोर घेऊन बराच वेळ बसले. मग कागद माझ्याकडे सरकवला. "माझ्याच्यानं मापं सोडून काही लिहवत नाही. तू लिही." मी म्हटलं, काय लिहू? म्हणाले, "तेच तर कळत नाहीये."

नोकरी राहिली आहे. धागा दातानं तोडायला बंदी आहे. थोरल्यानं माझ्या गळ्यात दोरीनं कात्री अडकवली आहे, शाळेतल्या पोरांच्या गळ्यात पाण्याची बाटली असते तशी. त्या अकरा कॉलरी मी मागेच उसवून नव्या लावल्या होत्या, बँडवाले कोट घेऊनही गेले. मध्यंतरी डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. लिंबाएवढं लावत होते हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. आता दिवसाआड वाटाणाभर, आणि वर साधं मलम. तोंड अजून तसंच आहे, पण निदान भाजत नाही.

चिंधी सोबत पाठवतेय. पुरावा म्हणून.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. तो शब्द फार लहान पडतो. तू रागाव. फोन उचलून रागाव, नाहीतर न उचलता रागाव. पण तुझा हात चुकला नव्हता, एवढं तुला कळायलाच हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं होतं.

तुझी,
एरवी बडबडी, आणि नेमक्या वेळी मुकी

*

शुक्रवार, १५ मार्च

चि. बडबडीस,

अनेक आशीर्वाद. राग आहे, तरी आशीर्वाद लिहिले आहेत, कारण पत्राची सुरुवात तशी करतात.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. पहिलं वाचताना हसले. ताई विचारत होती काय झालं. दुसरं वाचताना ती विचारायची थांबली.

चिंधी पोचली. मी तिच्यावर इस्त्री फिरवली. मग वाफ दिली. मग पुसून पाहिली, मग उलटी करून पुन्हा इस्त्री. डाग जागचा हलला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत बसले.

तुला एक गोष्ट माहीत नाही. ते डाग येत होते तेव्हा मी रोज इस्त्रीचं पाणी बदलत होते. टेबलावरची चादर घरी नेऊन धुतली. हात साबणानं तीनतीनदा धुतले. तरी डाग. मास्तर बोलले ते मला लागलं खरं, पण त्याआधीच मी मनात मान्य केलं होतं की माझा हात गेला. इथं आल्यावर तुझ्या भावोजींचे शर्ट मी ताईला करायला सांगत होते. "तूच कर की आई," ती म्हणायची, आणि मी म्हणायचे गुडघा दुखतो. गुडघ्यानं कोण इस्त्री करतं? पण कोणी विचारलं नाही. फोनही त्याच कारणानं घेतला नाही. तू विचारशील, कशी आहेस, आणि मला सांगावं लागेल.

कालपासून सहा शर्ट केले. भावोजी म्हणतात, घालून चुरगाळायला जीव धजत नाही.

तुझ्यावरचा राग सांगते. जेल लावलंस त्याचा नाही. डाग पडले त्याचाही नाही, कापड आहे, पडतात. तू ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवलास, त्याचा आहे. तो इतक्यात जायचा नाही. पण तू चारचौघांत डबे उघडे असताना उभी राहिलीस, तेही मी वाचलं आहे. दोन्ही लक्षात ठेवीन.

माझंही एक चुकलं. "हात लावू नकोस, आपोआप जातील" हे मी तुला तीन वर्षं सांगत राहिले. तुला त्याचा किती त्रास होतो, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू लपवलं नसतंस. आता विचारते. त्रास होतो का? उत्तर समोर बसून दे.

मास्तरांना सांग, लिहायला जमत नसेल तर लिहू नका. जे बोललात ते त्याच सगळ्यांसमोर परत घ्या, मी ऐकायला येते. मग टेबलावर बसायचं की नाही ते माझं मी ठरवीन. त्यांच्या हातात इस्त्री देऊ नका तोवर. गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?

पुढच्या रविवारी, २४ तारखेला, दुपारच्या बसनं येते. उतरवून घ्यायला ये. माझ्याकडे दोन पिशव्या आहेत, जड आहेत, एक तू उचलायचीस. आणि वाटेत बोल. स्टँडवर बोल, घरी पोचेपर्यंत बोल. तुझा गप्पपणा मी एकदा पाहिला आहे, पुन्हा बघायचा नाही.

रागावलेली, आणि तरीही येणारी,
तुझी आत्या