शिक्क्याचा शनिवार

किगाली,
९ फेब्रुवारी

ती. ताता यांस,
कोबूचा सा. न. वि. वि.

परवा तुमच्याकडून निघाले ती सुखरूप पोचले, पण पोचेपर्यंत अंगात त्राण उरलं नव्हतं. काटुनाच्या सीमेवर ट्रकची ही रांग, आणि त्या रांगेत आपली कॅरिना गाडी दोनदा बंद पडली. ज्वारीचं पीठ तुम्ही पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीतच दिलंत. इकडे प्लास्टिक चालत नाही हे किती वेळा सांगायचं? तिथल्या तपासणीवरच्या मुलीने पिशवी काढून घेतली आणि पीठ मला डोक्याच्या पिवळ्या रुमालात बांधून आणावं लागलं. निम्मं सीटवर सांडलं.

आज रजा टाकून गाडीच्या नोंदणीचं विचारायला गेले. कारकुनाने कागद उघडलेच नाहीत. खिडकीतून गाडीकडे बघून म्हणाला की हिचं स्टिअरिंग उजवीकडे आहे, हिला इथली नंबरप्लेट मिळायची नाही. इथे सगळं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतं, तेव्हा चालकाने डावीकडेच बसायला हवं. मी म्हटलं, वडिलांची गाडी आहे हो, त्यांनी हौसेने दिलीय. तो म्हणाला की मग वडिलांनाच परत द्या. चेष्टा करत नव्हता, बिचारा माझ्यासारखाच दमलेला होता.

म्हणजे आहे तेच चालू. गाडीला इथे परवाना महिन्याचाच, दर महिन्याला गाडी देशाबाहेर काढायची, शिक्का मारून परत आणायची. आठवडाभर या गाडीने फिरून बाळंतपणं करायची आणि पहिल्या शनिवारी हे. मला आता खरंच होत नाही, ताता.

दुसरं असं की दवाखान्याच्या प्रमुख मुकांटाबानाबाईंनी सांगितलंय, एप्रिलपर्यंत इथलं लायसन्स झालं तर दवाखान्याची गाडी माझ्या हाती देतील आणि नोकरीही कायम करतील. नाहीतर गाडी चालवणारी दुसरी सुईण बघतील. आपल्याकडचं लायसन्स बदलून मिळतं, पण ते खरं असल्याचा दाखला कंपालाच्या कार्यालयातून आणावा लागतो. तुमच्या डोळ्यांचे हे हाल, त्यात तुम्हाला पाठवायचं जिवावर येतं. पण तुमच्याशिवाय मी कुणाला सांगू? अधिकारपत्र सोबत ठेवलंय.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून हे बसच्या कंडक्टरकडे देतेय. एकदा इकडे या ना. माझी खोली तरी बघाल.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
कोबू

काबाले,
१३ फेब्रुवारी

चि. कोबू हीस,
तातांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पुढच्या वेळी अक्षर मोठं काढ, शेजारच्या आतुहाइरेच्या आईकडून वाचून घ्यावं लागलं आणि तिने पिठाची गोष्ट सगळ्या आळीला सांगितली.

तू आलीस, गाडी आवारात लावलीस आणि झोपलीस. उठलीस, जेवलीस, घड्याळ बघितलंस आणि निघालीस. तुझी आई असती तर तुला रागावली असती, मला ते जमत नाही. आतुहाइरेच्या आईने विचारलं की लेक राहिली का दोन दिवस. मी म्हटलं, कसली लेक, शिक्क्याची पाहुणी होती, शिक्का घेऊन गेली.

गाडीत खोट नाही हे त्या कारकुनाला सांग. तीस वर्षं मी मिशनच्या दवाखान्याची गाडी हाकली, डाव्या बाजूने, आणि कुणाला ओरखडा काढला नाही. या डोळ्यांनी दगा दिला नसता तर कॅरिना तुला दिलीही नसती. तिकडे सगळा देशच उलट्या बाजूने पळतो तर त्यात तिचा काय दोष? आणि मला बोलावू नकोस. मी तिकडच्या गाडीत बसलो तर समोरून येणारा प्रत्येक ट्रक अंगावर आल्यासारखा वाटेल. मी त्या हद्दीत पाय ठेवायचा नाही, हे तुला आधीच सांगितलंय.

दाखल्याचं बघतो. पुढच्या महिन्यात बटाटे काढून झाले की जातो. तुझ्या थकव्याचं वाचून बरं वाटलं नाही. जेवत जा.

राग धरू नकोस, लोभ धर.
ताता

काबाले,
१२ मार्च

चि. कोबू हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दाखला सोबत आहे. कंडक्टरला दोनदा बजावलंय की घडी मोडायची नाही.

कंपालाचं काय सांगू. पहिल्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभा राहिलो, तर दुपारी म्हणाले मशीन बंद आहे, उद्या या. चुलतभावाकडे मुक्काम केला. त्याची सून चांगली आहे पण भात शिजवते, मटोकेच्या केळ्यांना हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बाक. शेवटी एका पोराने मला विचारलं, आजोबा, हे लायसन्स कुणाचं? मी म्हटलं माझ्या लेकीचं, आणि ते खरं आहे याचा दाखला मीच देतो, तिला मी शाळेच्या मैदानात शिकवलंय, तिने एकदा गोलपोस्ट पाडला तेवढाच काय तो गुन्हा. तो हसला, पण दाखला संध्याकाळीच दिला.

आता खरं सांगतो. बाकावर बसल्या बसल्या मनात आलं होतं की रिकाम्या हाताने परत जावं. मशीन बंद आहे, दाखला मिळत नाही, असं तुला कळवावं. दाखला नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर नोकरी नाही, मग कोबू आपली घरी. उठलोही होतो. मग मागच्या शनिवारी तू चमचा हातात धरून ताटावर झोपली होतीस ते आठवलं, आणि परत बसलो.

एकदा लायसन्स झालं आणि गाडी इकडे आणून ठेवलीस की तुझा शिक्का संपला. तू शिक्क्यासाठी येतेस हे मला कळतं. तरी मी महिनाभर त्या शनिवारकडे डोळे लावून असतो. तो गेला की मग तू कशाला येशील, हे मला समजत नाही. बघू.

तुझा,
ताता

किगाली,
१४ एप्रिल

ती. ताता यांस,
सा. न. वि. वि.

ईस्टरला तुमच्या हातात गाडीची किल्ली दिली आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं मला बस लागते, तिने लिंबू दिलं.

लायसन्सची हकीकत तिथे नीट सांगितलीच नाही. दाखला बघितल्यावरही निरीक्षकाने एकदा गाडी चालवून दाखवा म्हटलं. मी ऐटीत जाऊन उजवं दार उघडलं आणि बसले. समोर स्टिअरिंगच नाही! निरीक्षक बाहेर उभा राहून शांतपणे म्हणाला की बाई, तुम्ही मला चालवायला सांगताय का? पुढे सगळं ठीक झालं. चौकात मात्र तोंडाने उजवीकडे, उजवीकडे असं पुटपुटत होते. अजूनही दवाखान्याच्या गाडीचं आधी चुकीचंच दार उघडते, आणि दवाखान्यातल्या बायका तोंडावर हात धरून हसतात.

नोकरी कायम झाली. ती तुमच्यामुळे झाली, हे मी विसरणार नाही.

शिक्क्याची पाहुणी हा शब्द मला फार लागला. लागला कारण तो खोटा आहे असं म्हणवत नाही. येताना रांगेचा विचार, आल्यावर झोप, निघताना पुन्हा रांगेचा. तुमच्याशी चार शब्द बोलायला डोकं जाग्यावरच नसायचं. आता शिक्का नाही. पण मी येईन. तुम्ही तर इकडे यायचं नाव काढत नाही, तेव्हा मलाच यायला हवं.

कॅरिनाचं इंजिन आठवड्यातून एकदा चालू करा. जीव लावता तसाच लावत राहा.
कोबू

काबाले,
२० मे

चि. कोबू हीस,
आशीर्वाद.

पत्र नाही, म्हणून लिहितो. गाडी धुतो, इंजिन चालू करतो, बंद करतो. कोंबड्या तिच्याखाली बसतात. सीटच्या फटीत अजून तुझं पीठ आहे.

या महिन्यातला पहिला शनिवार गेला. तू कामात असशील. बटाट्याला भाव नाही. डोळे आहेत तसेच. माझी काळजी नको.

विसर पडू देऊ नकोस.
ताता

किगाली,
७ जून

ती. ताता यांस,
सा. न. वि. वि.

काल मी आले होते. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

मे महिन्यात आले नाही त्याला कारण म्हणावं असं काही नाही. शनिवार उजाडला, अंथरुणावर पडून मनाशी म्हटलं, आज शिक्का नाही, थोडं झोपते. उठले तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. मग स्वतःचीच लाज वाटली. तुमचं ते कोंबड्यांचं पत्र आलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तुम्ही मला एक शब्द बोलला नव्हता, तेच जास्त लागलं.

म्हणून काल पहाटेच निघाले, न कळवता. म्हटलं ताता अंगणात असतील, दचकतील. सीमा पायी ओलांडली, डोक्याला तोच पिवळा रुमाल, पाठीवर बोचकं. गाडी नसली की कुणी काही विचारत नाही, एवढ्यात पलीकडे. खाली मान घालून टॅक्सी गाठली आणि घरी आले तर दाराला कुलूप. फोन केला तर तो आतुहाइरेच्या आईकडे चार्जिंगला दिलेला, तिच्याच कनवटीला वाजला. ती म्हणाली, अगं ते घरी कुठले, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते काटुनाला जातात, सीमेवर बसतात, संध्याकाळी येतात. तिने कारण विचारलं तर म्हणे तिथला चहा चांगला असतो.

ताता, काटुनाचा चहा तुम्हाला कधीपासून आवडायला लागला?

मी तिच्याकडून किल्ली घेतली, घेवडा शिजत घातला, अंगण झाडलं. आज सकाळी ड्युटी होती, चारची बस सोडता येत नव्हती. पातेलं चुलीच्या निखाऱ्यावर ठेवून निघाले. परतताना सीमेवर सगळ्या टपऱ्यांत डोकावले, तोवर तुम्ही निघून गेला होतात.

मी शिक्क्यासाठी आले नव्हते, एवढं तरी तुम्हाला कळावं म्हणून हे लिहितेय. बाकी काही सुचत नाही.

तुमचीच,
कोबू

काबाले,
९ जून

चि. कोबू हीस,
तातांचे अनेक आशीर्वाद.

घेवडा गरम होता. मी सगळा खाल्ला, उभ्यानेच. मीठ थोडं कमी होतं.

चहाचं म्हणशील तर तिथला चहा वाईट आहे. मी टपरीच्या बाकावर, गाड्यांसाठी आडवा बांबू आहे ना, त्याच्या समोर बसतो. गाड्या थांबतात, शिक्का मारून घेतात, बांबू वर जातो. तू तिथूनच यायचीस. आता कॅरिना माझ्या आवारात उभी आहे आणि तू गाडीने येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी पहिला शनिवार आला की घरात बसवत नाही. मे महिन्यात गेलो, या शनिवारीही गेलो.

आणि ऐक. त्याच शनिवारी डोक्याला पिवळं बांधलेली एक बाई पाठीवर बोचकं घेऊन पलीकडून पायी येताना मला दिसली. माझ्यासमोरून गेली. मला वाटलं कुणीतरी बाजाराला निघालीय, आणि मी पुन्हा बांबूकडे बघायला लागलो. जन्मभर ड्रायव्हरकी केली, माझी नजर गाड्यांवर. चालत्या माणसाकडे बघायची मला सवयच नाही. ती तू होतीस, कोबू. तुझं पत्र आतुहाइरेच्या आईने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तिने पुढचं वाचायचं थांबवलं, कारण मी उठून बाहेर गेलो होतो.

आज सकाळी पुन्हा काटुनाला गेलो. चहा घेतला नाही. सरळ खिडकीशी जाऊन विचारलं की माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पलीकडे जायचं तर काय काय कागद लागतात, परवाना किती दिवसांचा, शिक्का कुठे. मी दाखल्यासाठी पुन्हा बाकावर बसायची तयारी ठेवूनच गेलो होतो. खिडकीतली मुलगी म्हणाली, आजोबा, ओळखपत्र आहे ना, मग जा की. बघ, तुझ्या गाडीला एवढे नियम आणि तुझ्या बापाला काहीच नाही.

तेव्हा येत्या शनिवारी मी येतोय. बस उलट्या बाजूला लागली की डोळे मिटून घेईन, तसंही उघडून फारसं दिसत नाही. पीठ यावेळी कापडी पिशवीत बांधलंय. तू ड्युटी घेऊ नकोस, शनिवारी झोपलीस तरी चालेल, मी शेजारी बसेन.

फक्त एक कर. त्या बसचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते मला माहीत नाही. ज्या बाजूला उघडेल, त्या बाजूला उभी राहा. रुमाल पिवळाच बांध.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेव.
तुझा,
ताता