लाल काडीच्या कुंड्या

११ जानेवारी, रविवार

नऊ कुंड्यांना पाणी घातलं. लाल काडीच्या नऊही!

काचघरात एकटाच होतो. सकाळी पाणी घालताना मनात देवाचं नाव घ्यायची सवय आहे. तेवढीच माझी पूजा. नाव चालू राहिलं, हातही चालू राहिला. शेवटच्या कुंडीत झारी वाकवली तेव्हा काडी दिसली. मागे वळून पाहिलं — सगळ्यांची माती काळी झालेली.

लाल काडी म्हणजे दहा दिवस थेंब नाही. आज सातवा होता. निळ्या काडीच्या गव्हाला रोज पाणी, लाल काडीच्याला तहान. आणि दोन्ही एकमेकांत मिसळून मांडलेल्या, उजेड सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून. हे मला कोणी शिकवायला नको. सव्वीस वर्षं हेच करतोय.

प्रयोग इथे पीएचडी करणाऱ्या पोरीचा आहे. ती वडिलांच्या ऑपरेशनसाठी गावी गेलीय. जाताना म्हणाली, "काका, एवढ्या कुंड्या सांभाळा. पुन्हा पेरायला आता वेळच नाही." एप्रिलअखेर तिला प्रबंध द्यायचा आहे.

१२ जानेवारी, सोमवार

रोज सकाळी प्रत्येक कुंडी तोलून वजन वहीत लिहायचं असतं. लाल कुंडी अडीच किलोच्या खाली हवी होती. भरली सव्वातीन. दोन किलो चारशे लिहिलं. नऊ वेळा. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

१३ जानेवारी

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जन्मभर पाणी घालायचा पगार घेतलात, आणि घातलं म्हणून तोंड पाडून बसलात?"

मलाही हसू आलं. मग म्हणाली, "आणि वहीत काय लिहिलंत?"

ते सांगितलं. उरलेल्या घड्या तिने माझ्याकडे पाठ करून घातल्या.

१४ जानेवारी

पोरगी परतली. वडील बरे आहेत. आज दहावा दिवस — पानं कापून लगेच गोठवायची. तिने लाल कुंडीतलं एक पान बोटांत धरलं.

"काका, दहा दिवस पाणी नाही, तरी बघा कसं ताठ आहे."

हीच वेळ होती सांगायची. मी म्हणालो, "वाण चिवट आहे."

कुठून आलं हे माझ्या तोंडात?

२ फेब्रुवारी, सोमवार

डबा खाताना पोरीने तिचं काम समजावलं. मीच विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

फार फार पूर्वी तीन वेगवेगळ्या गवतांचा संकर होत होत हा गहू झाला. म्हणून त्यात बहुतेक जीन तीन-तीनदा सापडतो. ती जीनच्या ज्या घराण्यावर काम करते त्यात सत्तावीस जण आहेत. मूळ पुरुष एकच. त्याच्या प्रती होत गेल्या, आणि लाखो वर्षांत एकेकाने आपापली वाट धरली. कोणी मुळांत काम बघतो, कोणी दाण्यात. कोणी कायमचा गप्प बसला.

"आणि काही आळशी असतात, काका. तहान लागली तरच उठतात. मला तेच पकडायचे आहेत."

"असे आमच्या घराण्यातही आहेत."

"तुमचे उठून पाणी मागतात. माझे उठून कामाला लागतात."

दोघंही हसलो. मग नळाखाली डबा धुताना मनात आलं. तहान लागलीच नाही तर? तर कोणी उठायचं नाही.

आम्ही भाऊही तिघं. एक गेली अकरा वर्षं कोणाशी बोलत नाही. त्याची आठवण आली.

२० फेब्रुवारी

"उठत नाहीत, काका. लाल आणि निळे अगदी सारखे." तिसऱ्यांदा तपासलं तिने. डोळे सुजलेले. "माझा हातच वाईट आहे."

साहेब, म्हणजे तिचे मार्गदर्शक, दारातूनच म्हणाले, "हात वाईट असला तर नशीब तरी चांगलं आणायचं होतं. माझ्या नावावर सपाट आलेख छापायचे नाहीत."

मी रिकामे ट्रे घेऊन तिथेच उभा होतो. ट्रे घेऊन परत आलो.

२१ फेब्रुवारी

देवा, तूच सांग तिला. माझ्याने होत नाही.

३ मार्च, मंगळवार

प्रयोगशाळेच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तिने पाहिलं.

"काका, काही हवंय?"

"नाही, किती वाजले बघायला आलो."

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. तिने ते पाहिलं. हातात प्रयोगाच्या बारीक नळ्या, केस विस्कटलेले. वाळलीय.

६ मार्च

बायको म्हणाली, "रोज डोळे मिटून काय मागता?"

"धीर."

"दोन महिने झाले. तो देत नाहीये की तुम्ही घेत नाहीयात?"

जेवलो नाही.

१७ मार्च, मंगळवार

"आले, काका." हळूच म्हणाली.

आलेख दाखवला. निळे खांब ठेंगणे, लाल खांब उंच. सात जीन उठलेत. त्यातला एक तर नऊपट. साहेबांनी तिची पाठ थोपटली, मलाही चहा पाजला.

पाणी प्यालेल्या रोपांना तहान कशी लागली? त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. देवाने माझं झाकलं असं म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

९ एप्रिल, गुरुवार

प्रबंधातलं आभाराचं पान वाचायला दिलं तिने. आईवडील, साहेब, आणि मग — 'रोज कुंड्या तोलून चोख नोंदी ठेवणाऱ्या काकांमुळेच हे काम उभं राहिलं.'

कानशिलं तापली. म्हटलं, "तेवढी ओळ काढ."

"का?"

"मला नको."

"राहू द्या, काका. एक तरी ओळ खरी असू दे त्यात."

हसत नव्हती. थकली असेल.

११ एप्रिल, शनिवार

ठरलं. तिला सांगायचं नाही, थेट साहेबांना सांगायचं. दोष माझा, बोलणी मी खाईन; तिच्यापर्यंत आच पोचता कामा नये. नोकरी गेली तर गेली.

बायको म्हणाली, "जा. आणि तिथे जाऊन वेळ विचारू नका."

१३ एप्रिल, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. पाणी, वजनं, चिवट वाण. पोरगी प्रबंध घेऊन आधीच तिथे उभी होती. बाहेर जाऊ लागली तर साहेबांनी थांबवलं. मी म्हणालो, "हिला यातलं काहीच माहीत नाही. हिचा काही दोष नाही."

साहेब रागावले नाहीत. तिच्या हातातला प्रबंध घेतला, आलेखाचं पान काढलं, लाल खांबांवर बोट ठेवलं आणि तिला विचारलं, "मग हे कुठून आलं?"

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.